दोन यंत्रं आणि मधे फिलू

फिलू डॉक्टर झाली याचं मला कधी नवल वाटलं नाही. शेजारच्या पास्कूची ती पोर हुशार होती, होणारच होती. नवल याचं, की माणसांना तासभर गप्प पडून राहायला लावणारी डॉक्टरी तिनं निवडली. कारण फिलू स्वतः तासभर गप्प बसल्याचं आमच्या गावात कोणी पाहिलेलं नाही. शाळकरी वयात चर्चमधे मिस्सा चालू असतानाही ती शेजारणीच्या कानाशी लागलेली असे. एकदा फादर प्रवचन थांबवून तिच्याकडे नुसते बघत राहिले, तर ही उठून म्हणाली, "चालू द्या फादर, माझं झालं." पुढं ती मुंबईला शिकली, दक्षिणेत मोठ्या इस्पितळात राहून आली, केस पांढरे झाले, चष्मा लागला. बोलणं होतं तेवढंच राहिलं.

आमची वाडी वसईच्या पश्चिमेला, समुद्राचा वारा लागतो तिथं. आम्ही वाडवळ, पास्कूचं घर ख्रिस्ती, मधे कुंपण. त्या कुंपणाला एक भोक आहे, ते माझ्या लहानपणापासून कोणी बुजवलेलं नाही. त्यातून कोंबड्या, विरजण, कालवणाची भांडी आणि फिलू, असं सगळं ये-जा करायचं. तिनं लग्न केलं नाही. का नाही केलं, असं विचारणाऱ्याला ती सांगे, "ऐकणारा मिळाला नाही." विरारला ज्या तपासणी केंद्रात ती काम करी तिथं सगळे तिला मॅडम म्हणत. मी फिलू म्हणे. पहिल्यांदा गेलो तेव्हा समोर बसलेली मुलगी चपापली. मी म्हटलं, बाई, तुझ्या मॅडमचं नाक मी पुसलेलं आहे. आतून आवाज आला, "पुसलं नाही मोठे काका, ओढलं."

केंद्र विरार पूर्वेला, मनवेलपाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका इमारतीच्या तळमजल्यावर. बाहेर रिक्षा, वडापावची गाडी, आणि आत बर्फासारखं गार. तिथं फिलूचं पेट-सीटीचं यंत्र होतं. माझं शिक्षण चौथीपर्यंत. ते यंत्र मला कळायचं काही कारण नव्हतं, पण फिलूनं कळवल्याशिवाय सोडलं नाही. रविवारी मिस्सा आटोपून ती कुंपणाच्या भोकातून यायची, आमच्या ओट्यावर बसायची आणि मी विड्याची पानं निवडत असताना समजावत राहायची. मी ऐकतो की नाही याच्याशी तिला कर्तव्य नसे.

ती सांगे, की शिरेतून साखर देतात. साधी नव्हे, किरणं सोडणारी. अंगात जिथं भूक जास्त तिथं ती साखर जाते. कॅन्सरची गाठ हावरट, ती साखर ओरपते आणि चित्रात उजळून दिसते. पण हे पेटचं यंत्र नुसतं उजेड बघतं. तो उजेड आतड्यात आहे की हाडात, ते त्याला धड सांगता येत नाही. त्याच्याच पोटात दुसरं यंत्र बसवलेलं असतं, सीटीचं. ते आतला सगळा नकाशा काढतं, पण भूक कोणाला लागली आहे ते त्याला कळत नाही. मग ही दोन चित्रं एकावर एक ठेवायची.

मी म्हटलं, हे मोजणीवाल्यासारखं झालं. आमच्या बांधाचा खटला वसईच्या कोर्टात चालू आहे, तो कधीपासून ते मी सांगत नाही, लोक हसतात. त्यात मोजणीवाल्यानं जुना नकाशा नव्यावर ठेवला, तेव्हा आमची विहीर शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात निघाली. दोन्ही नकाशे सरकारी, दोन्ही खरे. फिलू हसली आणि पुढच्या आठवड्यापासून केंद्रातल्या प्रत्येक पेशंटला ती विहिरीची गोष्ट सांगू लागली. माझं नाव गाळून. मी तक्रार केली तर म्हणाली, "नाव घातलं असतं तर तुमच्या वकिलाला कळलं असतं, तुम्ही विरोधी पक्षाचा नकाशा खरा म्हणता ते."

साखर टोचली, की तासभर पडून राहायचं. बोलायचं नाही, चघळायचं नाही, मोबाईलवर बोटं फिरवायची नाहीत. जो स्नायू हलेल तो साखर खाणार आणि फुकट उजळणार. या तासासाठी फिलूनं एक प्लास्टिकची टोपली ठेवली होती. पेशंट आत जायच्या आधी टोपली त्याच्यासमोर येई आणि फिलू चेकनाक्यावरच्या पोलिसासारखी उभी राही. त्या टोपलीत मी काय काय पाहिलं म्हणाल तर मोबाईल, तंबाखूची डबी, च्युइंगगम, एका म्हाताऱ्याची कवळी. त्याला सवय होती जिभेनं ती हलवत बसायची. थंडीनंही मानेतली चरबी उजळते म्हणून ती प्रत्येकाला हनुवटीपर्यंत घोंगड्यात गुंडाळी आणि मग दार बंद करून बाहेर येई, ती मोठमोठ्यानं बोलतच. आतल्यांना सगळं ऐकू जाई. उत्तर देता येत नसे. मला वाटतं, असे श्रोते तिला जन्मात दुसरीकडे मिळाले नसते.

एकदा अर्नाळ्याकडचा एक गृहस्थ टोपलीतून निसटला. चित्रात त्याचा जबडा दोन्ही बाजूंनी दिव्यासारखा पेटलेला. शिकाऊ डॉक्टर घाबरून बाहेर आला. फिलू आत गेली, त्या माणसाला म्हणाली, आ करा. त्यानं आ केला. गालाच्या मागच्या कोपऱ्यात सुपारीचं खांड होतं. तासभर त्यानं ते इमानानं चघळलं होतं. "तोंड बंद ठेवा म्हणालात, ते मी बंदच ठेवलं होतं," असं तो म्हणाला. फिलूला ते इतकं पटलं की ती त्याच्यावर रागावूच शकली नाही.

पण आईवर रागावली. मार्थाबायला एकदा तपासणीसाठी तिथं न्यावं लागलं होतं. म्हातारी घोंगड्याखाली रोझरी फिरवत होती. एकेक मणी, एकेक मणी, तास संपेपर्यंत मनगटाचा स्नायू काही स्वस्थ बसला नसता. फिलूनं घोंगडं उचलून रोझरी काढून घेतली आणि टोपलीत टाकली, तंबाखूच्या डबीशेजारी. वर म्हणाली, "आई, देवाला मनातलं ऐकू येतं. येत नसेल तर बोटांचं काय येणार." मार्थाबाय त्यानंतर बरेच दिवस लेकीशी बोलली नाही. ते दिवस त्यांच्या घरात कसे गेले ते मला कुंपणातून ऐकू येई. एकटी फिलूच बोलत असे, प्रश्नही तीच विचारी आणि आईच्या वतीनं उत्तरही तीच देई.

औषध म्हणजे ती किरणांची साखर रोज सकाळी मुंबईकडून गाडीनं यायची. ती टिकत नाही. दोन तास गेले की साधारण अर्धी उरते. घोडबंदरच्या खाडीपुलाशी गाड्या तुंबल्या की फिलूचा जीव तुंबायचा. आमचा सोनचाफा पहाटे दादरच्या बाजारात जातो, उशीर झाला की पिवळ्याचा तपकिरी होतो, त्यामुळं ही एक गोष्ट मला तिनं समजावण्याआधीच समजली. ती म्हणे, "काका, तुमचा चाफा जाताना सुकतो आणि माझं औषध येताना. रस्ता एकच." गाडी फारच अडकली तर रात्रीपासून उपाशी असलेली माणसं परत पाठवावी लागत. ते काम ती समोर बसणाऱ्या मुलीवर सोपवत नसे. स्वतः एकेकाजवळ जाऊन माफी मागे, आणि मग डहाणूहून आलेल्या बाईला स्वतःच्या डब्यातली पोळीभाजी बसून खायला लावी. डबा तसा बेताचाच. तिच्या हाताला चव नव्हती, ते तिलाही माहीत होतं.

छातीवर एक बिल्ला लावून ती काम करी. अंगाला किरणं किती लागली ते त्यात उमटतं म्हणे. एका सणाच्या मिस्साला ती घाईत तसाच बिल्ला लावून आली. बायकांना वाटलं, बिशपांकडून काहीतरी पदक मिळालं. दोघीतिघींनी अभिनंदन केलं. फिलूनं ते घेतलं. मी नंतर विचारलं, का गं खोटं बोललीस. म्हणाली, "मी बोलले कुठं? त्या बोलल्या. मी हसले."

आता माझ्या भावाची गोष्ट सांगतो. फिलू मला आठवते ती खरी त्या दिवसांतली.

माझा धाकटा भाऊ हरी. धाकटा म्हणजे सत्तरीचा. आमच्याकडं वाडीवाडीत बावखल असे, म्हणजे पावसाचं गोडं पाणी साठवणारं खोल तळं. हरीची ख्याती बावखलातली. कोणाची कळशी बुडो, कोणाची बांगडी, लोक हऱ्याला हाक मारत. तो काठावर उभा राहून छाती फुगवे, इतकी की सदऱ्याची बटणं ताणत, आणि मग खाली जाई. बायका काठावर उभ्या राहून घाबरायच्या तेव्हा त्याला फार बरं वाटायचं. पास्कूच्या घरची तांब्याची कळशी त्यानंच दोनदा काढली. पुढं बावखलं बुजली, त्यावर इमारती झाल्या. हऱ्याच्या कलेला पाणी उरलं नाही. छाती मात्र तो अजून फुगवायचा, फोटो काढताना, भांडताना, डॉक्टरकडं.

त्याला आतड्याचा त्रास सुरू झाला, तपासण्या झाल्या, मोठ्या आतड्यात गाठ निघाली. मुंबईच्या सर्जननं सांगितलं, पेट-सीटी करून आणा, दुसरीकडं पसरलं नसेल तर ऑपरेशन करू. आम्ही अर्थात फिलूकडं गेलो. हरीचं सगळं नीट पार पडलं. टोपलीत त्यानं विडीचं बंडल आणि कंगवा टाकला. तासभर गप्प पडला. ही एवढी शिस्त त्यानं सुमनच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, सांगण्यावरून उभ्या जन्मात पाळली नव्हती.

रिपोर्ट आला. आतड्यात गाठ होतीच. शिवाय उजव्या फुफ्फुसाच्या तळाशी एक डाग उजळला होता. खाली फिलूची सही. सर्जननं ते वाचलं आणि कागद मिटला. म्हणाला, छातीत पोचलं आहे, आता कापून उपयोग नाही, औषधावर जितकं जमेल तितकं. हरी बाहेर येऊन बाकावर बसला आणि मला म्हणाला, "दादा, चाफ्याला खत घालायचं राहिलंय."

त्या रविवारी फिलू कुंपणाच्या भोकातून आली. पन्नाशी उलटलेली बाई, पण गेटनं येणं तिला ठाऊक नव्हतं. केसांत पानं अडकलेली. रिपोर्ट तिचाच, म्हणून ती अवघडली होती आणि अवघडली की ती जास्त बोले. हवा, आंबा, तिच्या मांजरीचं दुखणं. हरी खाटेवर बसला होता. तिला बरं वाटावं म्हणून तोच तिची समजूत घालू लागला. म्हणाला, तुझ्या यंत्राची काही चूक नाही फिलू, मी सगळं बरोबर केलं. ती बाई हिंदीत म्हणाली, साँस लीजिए, रोकिए. कोण बाई, तर यंत्रातला आवाज. "असा भरला श्वास," तो म्हणाला, "की बावखलाचा तळ गाठून पानी ढवळून आलो असतो." आणि त्यानं तिथंच करून दाखवलं.

छाती वर आली, पोट खाली गेलं. डोळे मिटले. आम्ही बघत राहिलो. सुमन चहा घेऊन दारात थांबली. फिलू मांजरीचं काहीतरी सांगत होती ती मधेच थांबली. असं थांबलेलं तिला मी कधी पाहिलं नव्हतं. उठून ती खाटेजवळ गेली आणि त्याच्या शेवटच्या बरगडीखाली हात ठेवला.

"सोडा," ती म्हणाली.

हरीनं श्वास सोडला.

"परत घ्या. तसाच. यंत्रानं सांगितल्यावर घेतला होता तसाच."

त्यानं घेतला. तिचा हात खाली सरकत गेला. किती सरकला ते तिनं दुसऱ्या हाताच्या बोटांनी मोजलं, मग चहा तसाच ठेवून भोकातून निघून गेली. सुमन मला म्हणाली, भावजी, हिला काय झालं. मी म्हटलं, मांजर आठवली असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेटनं आली. गेटनं आली म्हणून मी समजलो, काहीतरी गंभीर आहे. रात्री तिनं ती दोन्ही चित्रं परत काढून बघितली होती. सीटीचं चित्र पटकन निघतं, काही सेकंदांत. त्या सेकंदांत हरीनं छाती फुगवून धरली होती, त्यामुळं लिव्हर पार खाली ढकललं गेलं. पेटचं चित्र मिनिटं मिनिटं चालतं, तेवढा वेळ कोणी श्वास धरत नाही, त्यात हरी साधा श्वास घेत होता आणि लिव्हर वर, आपल्या जागी. मग एकावर एक ठेवल्यावर लिव्हरच्या वरच्या टोकावरचा डाग फुफ्फुसात जाऊन बसला असेल. ती म्हणाली, दोन्ही साक्षीदार खरं बोलतात काका, पण त्यांनी एकाच वेळी पाहिलेलं नाही. खरं तर इतका मोठा श्वास घ्यायला सांगायचाच नसतो, माणसानं हळू घेत राहावं. यंत्रातला आवाज तिथं कामाला लागलेल्या नव्या मुलानं चुकून चालू ठेवला आणि तिनं चित्रं बघताना ते ताडलं नाही.

मग तपासणी परत करू, असं ती म्हणाली.

मी म्हटलं, नाही.

मी अडलो ते अडलो. मी तिला सांगितलं, की एकदा सही केलीस, हरीनं ते पचवलं, सुमननं पचवलं. आता पुन्हा आशा लावायची, पुन्हा टोचायचं, आणि पुन्हा तेच निघालं तर त्याला दुसऱ्यांदा मारायचं काय. असं आमच्या घरात होणार नाही. मी गेट लावून घेऊ लागलो. तिनं गेटमधे पाय ठेवला.

"मोठे काका, माझी चूक नसेल तर माझी अब्रू राहील," ती म्हणाली. "चूक असेल तर हरीकाकांना ऑपरेशन मिळेल. तुम्हाला कशाची काळजी आहे, माझ्या अब्रूची?"

मी गेट तसंच ढकलून धरलं.

"मग पाय दुखतोय माझा. गेट उघडा."

हरी मागून ओट्यावरून ऐकत होता. त्यानं विचारलं, "परत श्वास धरायचा काय?" फिलू म्हणाली, नाही, आता घ्यायला शिकायचा.

ते शिकवणं ज्यानं पाहिलं त्याला पुढं बरेच दिवस हसायला पुरलं. हरीला हलका श्वास येतच नव्हता. जन्मभर त्याला मोठ्या श्वासासाठी शाबासकी मिळालेली. फिलू म्हणे हळू, की तो आणखी काळजीनं, म्हणजे आणखी खोल घेई. शेवटी तिनं झाडावरून सोनचाफ्याचं फूल तोडून आणलं, त्याला खाटेवर आडवं केलं आणि फूल त्याच्या पोटावर ठेवलं. हे फूल पडलं नाही पाहिजे आणि नाचलं नाही पाहिजे, नुसतं डुललं पाहिजे. केंद्रातून येता-जाता ती रोज येई आणि खाटेशेजारी बसून हरीला सांगे, बावखल विसरा, कळशी विसरा, खाली काही पडलेलं नाही, काही काढायचं नाही. हरी डोळे मिटून म्हणे, तू बोलायची थांब, मग येईल हळू. ती थांबे. थोड्या वेळानं पुन्हा सुरू करी. फूल पडे. सुमन पदर तोंडाला लावून आत जाई. आमच्या घरात त्या आठवड्यात आजारपण आहे हे बाहेरून जाणाऱ्याला कळलं नसतं.

दुसऱ्या तपासणीच्या वेळी तिनं यंत्रातला हिंदी आवाज बंद करवला. मी बाहेर बसलो होतो. मला ती बोलवायला आली. आत काचेच्या पलीकडं हरी यंत्रात, अलीकडं दोन पडदे. एकावर जुनं चित्र, एकावर नवं. जुन्यात नारिंगी ठिपका काळ्या भागात होता, तो काळा भाग म्हणजे फुफ्फुस, हवा. नव्यात तोच ठिपका करड्या भागात, म्हणजे लिव्हरमधे, बसलेला. मला चौथीपर्यंतच्या शिक्षणातही ते दिसलं. फिलूनं बोट ठेवून दाखवलं, पण तिच्या बोटाची गरज नव्हती.

म्हणाली, "डाग आहेच. नाही असं मी म्हणत नाही. पण लिव्हरमधला आहे. एकटाच आहे. असा कापून काढता येतो."

तिचं समाधान तेवढ्यावर होणारं नव्हतं. साध्या सीटीत तो लिव्हरचा डाग स्पष्ट दिसत नव्हता. त्यासाठी तिसरं यंत्र, चुंबकाचं, एमआरआय. ते मुंबईत होतं. दक्षिणेत ती काम करत होती तिथं साखरेचं आणि चुंबकाचं अशी दोन्ही यंत्रं एकाच पोटात होती, दोन्ही एकाच वेळी बघत, मग भांडण कमी. अशी यंत्रं जमवणं फार अवघड, चुंबकाला दुसऱ्याचे भाग सहन होत नाहीत, आणि ती आपल्याकडं मोजकीच, असं ती रिक्षेत सांगत होती. रिक्षावालाही मान डोलवत होता. मी म्हटलं, मग वसईच्या माणसानं काय करायचं. ती म्हणाली, "वसईत यंत्राच्या ऐवजी मी आहे. मी हातानं ठेवते एकावर एक."

चुंबकाच्या यंत्राच्या दिवशी ती रजा टाकून आमच्याबरोबर आली आणि संध्याकाळी सगळी चित्रं घेऊन सर्जनसमोर बसली. हरी, मी, सुमन मागच्या खुर्च्यांवर. सर्जन मोठा, कमी बोलणारा, कागदांवरून वर न बघणारा. मला भीती, की आता ही विहिरीची गोष्ट सांगणार. तिनं ती सांगितली नाही. दोन्ही रिपोर्ट त्याच्यासमोर सरकवले.

"हा पहिला माझा. तो चुकला होता," ती म्हणाली. "हा दुसरा माझा."

एवढंच. मग गप्प बसली. सर्जन चित्रं पुढं मागं करत राहिला, साखरेचं, चुंबकाचं, परत साखरेचं. खोलीत एसीचा आवाज. फिलू हातात हात धरून बसली होती, अंगठ्यानं अंगठा घासत. सुमननं मला कोपरानं ढोसलं, बघा म्हणून. मी ते पाहिलंच होतं.

"ठीक आहे," सर्जन म्हणाला. "दोन्ही एकदम काढू. तारीख घ्या."

जिन्यात आल्यावर ती अशी बोलत सुटली, की खालपर्यंत कोणाला श्वास घ्यायला जागा नव्हती.

तिच्या केंद्राच्या मालकाला हे आवडलं नव्हतं, ते मला मागाहून कळलं. त्याचं म्हणणं, दुसऱ्या रिपोर्टात पहिल्याचा उल्लेख कशाला, नवीन तपासणी म्हणून लिहायचं, संपलं. फिलूनं त्यात पहिला चुकला होता आणि का चुकला होता, दोन्ही लिहिलं आणि सही केली. ती मला म्हणाली, पुढच्या पेशंटलाही बावखल माहीत असू शकतं. त्यानंतर यंत्रातला आवाज कायमचा बंद झाला. मालकानं तिला आणखी काही ऐकवलं असेलही, तिनं ते आम्हाला सांगितलं नाही. एरवी जी बाई मांजरीला काय झालं तेही सांगे.

ऑपरेशन झालं. हरी बराच काळ अशक्त होता, मग खाऊ लागला, मग भांडू लागला. पुढच्या तपासणीत चित्रं स्वच्छ आली. तो दिवस त्यानं असा साजरा केला, की छाती फुगवून फोटो काढला. सुमननं तो फोटो फिलूला पाठवला. फिलूनं उलट फक्त एक चाफ्याचं फूल पाठवलं, मोबाईलमधलं.

काही महिन्यांनी तिला दक्षिणेतल्या त्याच इस्पितळातून बोलावणं आलं, चुंबकाचं आणि साखरेचं जोडयंत्र जिथं होतं तिथलं. मार्थाबाय आधीच देवाघरी गेली होती, घर बंद करून ती निघाली. निघायच्या दुपारी ती निरोप घ्यायला आली तेव्हा हरी जेवून ओट्यावरच्या खाटेवर झोपला होता. मी त्याला उठवायला गेलो, तर तिनं माझा दंड धरला. ओठांवर बोट ठेवलं. फिलूनं.

ती खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली. हरीचं पोट वर येत होतं, खाली जात होतं, हळू, कोणी न सांगता. ती किती वेळ बघत राहिली ते मी बघितलं नाही, मी पानं निवडत होतो. मग ती माझ्या कानाशी वाकली आणि अगदी कमी आवाजात म्हणाली, "बरोबर घेतायत."

आणि निघाली. वाट केळींच्या मधून जाते, चांगली लांब आहे. त्या पूर्ण वाटेवर तिनं एक शब्द तोंडातून काढला नाही. चपला हातात घेतल्या होत्या, पाचोळा वाजेल म्हणून. रस्त्यावर रिक्षा उभी होती, सामान ठेवलेलं. ती आत बसली, दांडा धरला, आणि मग तिचा आवाज ऐकू आला, रिक्षावाल्याला सांगत होती की या रस्त्यानं नको, चर्चच्या मागून घे, मी इथली आहे, मला रस्ता शिकवू नकोस.

हरीचे डोळे उघडले.

"फिलू आली काय?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, "गेली."